सावड मोडणाऱ्या बाई

"उपकार नको, भाव सांगा," असं म्हणत बाई पदराची गाठ सोडायच्या. दौंडच्या रेल्वे कॉलनीत शेजारणीनं मूठभर कोथिंबीर पुढं केली तरी हेच. शेजारीण चिडायची, बाई हसायच्या आणि कोथिंबीर आल्या वाटेनं परत जायची. तुमच्याही गल्लीत असा एखादा नमुना असेल. पण त्यानं कादंबरी लिहिली नसेल. आमच्या बाईंनी लिहिली आणि माझी पोटदुखी सुरू झाली.

कारण मीही कादंबरीकार आहे. हे मला सांगावं लागतं, यातच सगळं आलं. शिरूरच्या कॉलेजात मी मराठी शिकवलं, चार कादंबऱ्या लिहिल्या, शाली-श्रीफळं घेतली. बाई रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून, आणि कादंबरी एकच. तिची नायिका पाबळकडची एक शेतकरीण, सावडीला नकार देणारी. सावड म्हणजे आज तुम्ही माझ्या रानात कांद्याची लागण करायची, उद्या मी तुमच्या रानात. मजुरीचा विषयच नाही. नायिका भर रानात सांगते, की माझे हात माझे आहेत, गावानं ते परस्पर वाटून घेऊ नयेत. गाव तिला वाळीत टाकतं. पण बाई तिला शेवटपर्यंत पश्चात्ताप करू देत नाहीत.

समीक्षकांनी बाईंना झोडपलं. 'समाजद्रोही' हा शब्द माझ्या लेखातला. लेख आला आणि कादंबरी आणखी खपली. पुढं स्टेशनबाहेरच्या टपरीवर बाई भेटल्या.

"सर, शिव्या झ्याक दिल्यात. पण मनापासनं दिल्यात ना? का समदी देत्यात म्हनून?"

"मनापासून," मी म्हटलं.

"मग हरकत न्हाई. बसा, चहा घिऊ." चहा अर्थात ज्याचा त्यानं घ्यायचा.

घरीही सुटका नव्हती. बायकोनं ती कादंबरी दोनदा वाचली. माझ्या एकाही कादंबरीचं शेवटचं पान तिनं पाहिलेलं नाही. कारण विचारलं तर म्हणाली, "तुमच्या पुस्तकातल्या बायका फार सोसतात हो. मला ते घरी आहेच."

एकदा मी बाईंच्या दारात बसलो होतो, तेव्हा कासुर्डीकडचा एक माणूस तावातावानं आला.

"तुमच्या पुस्तकापायी आमच्या वाडीतली सावड मोडली. माझ्या म्हाताऱ्या आईच्या रानात लागणीला कुनी फिरकंना. रोप वाळून गेलं. कुनाच्या जिवावर लिव्हता वो तुम्ही?"

बाईंनी चष्मा काढला. "आईनं वाचलंय का पुस्तक?"

"न्हाई. बायकूनं."

"मग तिलाच इचारा, आजवर ती सावडीला खुशीनं जात व्हती का धाकानं."

"आन् म्हातारीनं काय करायचं?"

यावर बाई नुसत्या चष्मा पुसत राहिल्या. मी त्यांना निरुत्तर झालेलं तेवढंच एकदा पाहिलं. मला आनंद व्हायला हवा होता. पण तो माणूस पायरीवर बसला, दिवस कलेपर्यंत भांडला, आणि पुन्हा यायचं सांगून गेला. पुढं तो खरंच येत राहिला, दर वेळी नवा मुद्दा घेऊन. माझ्या दाराशी माझ्या पुस्तकावरून भांडायला आजवर कुत्रंही आलेलं नाही.

बाई गेल्या. भाचीला त्यांनी बजावून ठेवलं होतं, "कुनाला सांगावा धाडू नगंस. रीत म्हनून कुनी यायला नगं. ज्याला वाटंल त्यो यील." आमच्याकडं हे भलतंच. मयताचा निरोप आला नाही म्हणून माणसं पिढ्यान्‌पिढ्या अबोला धरतात. भाचीनं खरोखरच कुणाला कळवलं नाही. मला टपरीवाल्याकडून समजलं. खांद्याला चौघं तरी मिळतील का, असा विचार मनात आला आणि थोडं बरंही वाटलं. खोटं कशाला सांगू?

दौंडला पोचलो तर कॉलनीत पाय ठेवायला जागा नव्हती. टेम्पो भरभरून बायका आलेल्या, दिवसाची मजुरी बुडवून, हाताला रानातली माती तशीच. त्यांच्यातली एक दुसरीला सांगत होती, "आमचं भावकीतलं येनंजानं हिनंच तोडलं, मेलीनं," आणि पदरानं डोळे पुसत होती.

तो कासुर्डीकडचा माणूस तिरडीशी उभा होता. "मला तिचं पटलं न्हाई. आजबी पटत न्हाई," मला पाहून तो म्हणाला. "पर सर, आता भांडायला कुनाकडं जाऊ?" त्यानं खांदा दिला. मी मागं होतो. माझी पाळी येईपर्यंत स्मशान आलं.

घरी बायकोनं आंघोळीचं पाणी काढून ठेवलं होतं. "पुष्कळ माणसं होती?"

"होती."

"बोलावलं होतं?"

"कुणालाच नाही."

तिनं टॉवेल खुंटीला अडकवला. मी पाणी अंगावर घेत राहिलो. मी गेल्यावर कॉलेजला सुट्टी मिळेल. सगळ्यांना फोन जातील आणि फोन गेले म्हणून माणसं येतील. जो येणार नाही, त्याला बाकीचे नावं ठेवतील. बाई जिवंत असताना मी त्यांचा हेवा केला तो पुस्तकासाठी. त्या दिवशी मात्र मला त्यांच्या मरणाचा हेवा वाटला, आणि तो अजून गेलेला नाही.