विशे सार्जंटची फटफटी

शहाण्णव सालच्या श्रावणात आमच्या सेक्शनला फरशी पुलाची ड्यूटी लागली. किन्हवलीहून मुरबाडकडे येणाऱ्या रस्त्यावरचा हा पूल फार बुटका होता. नदी फुगली की पाणी पुलावरून जायचं. आमचं काम एकच. पाणी पुलावर आलं की दोन्ही काठांना दोर आडवा लावायचा आणि कुणाला पलीकडे जाऊ द्यायचं नाही.

मी होमगार्ड होते. सेक्शन लीडर यमुना भोईर. फौजेतली माणसं आम्हाला हसतात. हसू देत. आम्हालाही खाकी होती, शिट्टी होती, परेड होती. ड्यूटीवर माणूस जातो तसा आमचाही एक गेला. त्याचंच सांगायचं आहे. माझी शाळा चौथीपर्यंत. जसं घडलं तसं लिहिते.

आमचे प्लाटून सार्जंट हरी विशे. आधी ते फौजेत सिग्नलला होते, डीआर म्हणून. डीआर म्हणजे मोटारसायकलवरून निरोप आणि कागद पोचवणारा शिपाई. पेन्शनीत आले, गावाला भातशेती धरली आणि एक जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल घेतली. तेव्हाच ती जुनी होती. सगळा गाव तिला फटफटी म्हणायचा. मग ते होमगार्डमध्ये आले आणि आमच्या मानगुटीवर बसले.

दर रविवारी शाळेच्या मैदानावर परेड. ड्यूटीवर निघायच्या आधी ते आम्हाला ओळीत उभं करून जागच्या जागी उड्या मारायला लावायचे आणि स्वतः डोळे मिटून ऐकायचे. कुणाच्या खिशात किल्ल्या वाजल्या, कुणाच्या शिट्टीची साखळी वाजली, की त्याला ओळीबाहेर काढायचे.

"जे खडखडतं ते आवळून बांधा. खडखडणारा शिपाई आपला पत्ता दुश्मनाला सांगतो."

माझ्या बांगड्यांवर मला रुमाल गुंडाळायला लावला. दत्तू घरत आमच्यात सगळ्यात वात्रट. मुरबाडला नाक्यावर त्याचं गॅरेज. तो म्हणाला, "सार्जंट, आपला दुश्मन म्हंजे नदी. तिला कान कुठं हायत?" त्या रविवारी दत्तू मैदानाला फेऱ्या मारत राहिला आणि आम्ही घरी आलो.

गंमत अशी की सार्जंटची स्वतःची फटफटी सगळ्यात जास्त खडखडायची. इंजिनाचं नाही सांगत. मागच्या कॅरियरला त्यांनी फौजेतला जेवणाचा डबा तारेनं लटकवला होता. ते त्याला मेस्टिन म्हणायचे. अॅल्युमिनियमचा, पोचे आलेला. रस्त्यात खड्डा आला की खण्ण, दगड आला की खण्ण. आणि आमच्या रस्त्याला दुसरं काय आहे? मी एकदा तोंडावर विचारलं, "सार्जंट, आमच्या बांगड्या बांधल्यात. तुमचा डबा?"

"त्याला माफी हाय," म्हणाले. पुढे बोलले नाहीत. सार्जंटला दोनदा विचारायची पद्धत नव्हती.

त्या दिवशी सकाळी पाणी पुलाच्या खाली होतं. दुपारी पुलावर आलं. आम्ही दोर लावला. चारच्या सुमारास पलीकडून भाजीचा टेम्पो आला. तिकडच्या आमच्या माणसानं हात केला, शिट्टी मारली. ड्रायव्हरनं दोर ढकलून गाडी पाण्यात घातली. बरोबर मधोमध इंजिन बंद पडलं. आत ड्रायव्हर आणि बाजाराहून निघालेली एक म्हातारी.

सार्जंटनी वायरलेस सेट घेतला.

"कंट्रोल, फरशी पूल. गाडी पाण्यात, दोन माणसं. होडी पाठवा. ओव्हर."

"फरशी पूल, रिपीट करा. ओव्हर."

रिपीट केलं. नुसती खरखर. मधे डोंगर होता. सार्जंट सेट गळ्यात घालून फटफटीवर बसले, चढ चढून वर गेले आणि तिथून निरोप दिला. परत येताना डब्याची खण्णखण्ण उतारावरून खाली आली तेव्हा आम्हाला जरा धीर आला. होडी निघाली होती. पण ती मुरबाडहून यायची होती आणि पाणी टेम्पोच्या दारापर्यंत चढलं होतं.

त्यांनी फटफटी वळवून, घराकडे तोंड करून स्टँडवर लावली. डीआरची गाडी नेहमी परतीच्या वाटेकडे तोंड करून उभी असते, असं ते सांगायचे. बूट काढले. कमरेला दोर बांधला.

"यमुनाबाई, टोक तुमच्याकडं. मी हात वर केला का ओढायचं. मधे कितीबी बोंबललो तरी ओढायचं नाय."

"होय, सार्जंट."

पहिल्या खेपेला ड्रायव्हर आणला. काठावर येताच तो ओकला. सार्जंट तसेच परत फिरले. दुसऱ्या खेपेला म्हातारीपर्यंत पोचले. एका दोरावर तिला धरून आणता येईना, पाणी फार ओढत होतं. त्यांनी स्वतःच्या कमरेचा दोर सोडला आणि तिच्या कमरेला बांधला. आम्ही काठावरून बघत होतो. त्यांनी हात वर केला.

मी ओढलं. ऑर्डर होती. दत्तू माझ्या मागे दोर धरून ओढत होता. म्हातारी काठाला लागली. तिचा दोर सोडत होतो तेवढ्यात टेम्पो कलला. सार्जंट त्याच्या फळीला धरून होते. टेम्पो गेला आणि ते गेले.

होडी त्यानंतर आली. प्रेत दुसऱ्या दिवशी खालच्या अंगाला सापडलं.

सार्जंट गेले त्याच संध्याकाळी मी आणि दत्तूनं फटफटी त्यांच्या घरी नेली. चालू केली नाही, ढकलत नेली. वाटभर डबा वाजत होता. दोघंही बोलत नव्हतो, त्यामुळे तो जास्तच वाजत होता. घरी पोचलो तर हिरावयनी, त्यांची बायको, दारात उभी होती आणि आत चुलीवर चहाचं पाणी उकळत होतं. ते पाणी मला नीट आठवतं. कारण पुढे जे झालं त्यात कुणी ते उतरवलं नाही आणि आटून भांडं जळलं. पण ते का चढवलेलं होतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

फटफटी गोठ्यात लावली. वयनी म्हणाली, कुणी हात लावायचा नाही. कुणी लावला नाही. पुढे तिच्यावर पेंढा रचला गेला, आणि गावही तिला विसरला.

दोन हजार चार साली वयनीची नजर गेली. काचबिंदू. दोन्ही डोळे. एकुलती एक मुलगी भिवंडीला दिलेली. दिवाळी झाली की ती आईला कायमची घेऊन जाणार, असं ठरलं. घराला कुलूप लागणार. मी भेटायला गेले तर वयनीनं माझा हात धरला. ती बाई कुणाचा हात धरणारी नव्हती.

"यमे, जायच्या आधी ती एकदा चालू कर. मला आयकायची हाय."

"आणि नाय झाली तर?"

"मंग तशीच जाईन. काय करणार?"

दत्तूला सांगितलं. तो लगेच आला. पेंढा उपसला तर सीटवर कोंबडीनं अंडी घातलेली. दत्तू म्हणाला, वयनी, हिच्यावर भाडेकरीण बसलीय, आधी तिला नोटीस द्या. टायर फाटून गेलेले. किक पायानं दाबली तर हलेना. पिस्टन आत धरला होता.

"मावशी, हिचा कणा तुझ्यासारखा धरलाय," दत्तू मला म्हणाला.

"माझा अजून चालतो. तू तुझं बघ."

टेम्पोत घालून गॅरेजला नेली. प्लग काढून भोकातून डिझेल ओतलं आणि मुरू दिलं. रोज सकाळी दत्तू गाडी गिअरमध्ये घालून मागचं चाक पुढे-मागे हलवायचा. मी ड्यूटी नसेल तेव्हा एसटीनं जायचे. एक दिवस चाक बोटभर फिरलं. दुसऱ्या दिवशी पुरतं फिरलं. कार्बोरेटर उघडला तर आत पेट्रोल सुकून गुळाच्या पाकासारखं झालेलं. मी ते रॉकेलमध्ये बुडवून दाढीच्या ब्रशनं घासलं. भांडी घासायची सवय कामाला आली. सायलेन्सरमध्ये उंदरानं भाताचं तूस भरून ठेवलं होतं, तो जाळात धरून मोकळा केला.

एवढं करूनही ठिणगी येईना. कॉइल मेलेली. तसली कॉइल आता मिळत नाही, असं प्रत्येक दुकानदार सांगायचा, आणि सांगताना हसायचा. वयनीची मुलगी भाऊबीज झाल्यावर न्यायला येणार होती. दत्तू कल्याणला भंगारवाल्यांकडे दोनदा जाऊन रिकामा आला. तिसऱ्यांदा गेला तेव्हा कॉइल घेऊनच आला. ती कुठून मिळाली ते विचारू नको म्हणाला. मी विचारलं नाही.

टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं. ते मिसळलं. दत्तूनं किक मारली. काही नाही. मारत राहिला, घामानं भिजला. मग मी म्हटलं, सरक. सार्जंटनी मला या गाडीची किक शिकवली होती. आधी हलक्या पायानं दोन वेळा दाबायची, मग सगळं वजन टाकायचं. मी टाकलं. गाडी खोकली, निळा धूर सोडला आणि चालू झाली. आम्ही दोघं तिच्या दोन बाजूंना उभे राहिलो, ती बंद पडेल म्हणून हात पुढे धरून. पडली नाही.

आता आम्ही केलं ते सांगते. सार्जंटची गाडी सार्जंटच्या घरी जाणार म्हणजे इन्स्पेक्शनलाच जाणार. दत्तूनं पुढचं चाक उचलून आपटलं आणि डोळे मिटून ऐकलं. मडगार्ड वाजत होता, वायसर घालून आवळला. चेन कव्हर आवळलं. नंबर प्लेट आवळली. डबा मी घासून लख्ख केला, आत गोणपाट कोंबलं आणि ट्यूबच्या पट्टीनं कॅरियरला करकचून बांधला. पुन्हा चाक आपटलं. इंजिनाशिवाय कसला आवाज नाही. मी म्हटलं, ओके. सार्जंट असते तरी खोट सापडली नसती.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी वयनीला ओट्यावर बसवलं. मुलगी आत सामान बांधत होती. दत्तू गाडी पिंपळाच्या वळणापर्यंत घेऊन गेला आणि तिथून परत आला. इंजिन शिवणयंत्रासारखं चालत होतं. अंगणात आला, थांबला, एक्सलेटर दिला.

"कोण आलं गो?" वयनीनं विचारलं.

मी म्हटलं, "तीच हाय, वयनी. सार्जंटची."

"नाय. ही दुसऱ्या कुणाची हाय."

दत्तूनं माझ्याकडे बघितलं. मी वयनीला उठवून गाडीपाशी नेलं. तिनं टाकीवरून हात फिरवला, हँडल चाचपलं, सीट चाचपली. "हाय तर तीच," म्हणाली. पण तोंड उतरलेलं ते तसंच. हात मागे गेला आणि कॅरियरवर थांबला. ट्यूबची पट्टी तिनं बोटांनी ओढून बघितली.

"डबा बांधला कुणी?"

"मी. सार्जंटनीच शिकवलंय. खडखडतं ते बांधायचं."

"तुमाला शिकवलं. मला नाय." मग ती सांगू लागली. गावात आधी एकच फटफटी होती तेव्हा तिला आवाजावरून कळायचं. मग आणखी दोन आल्या. प्रत्येक वेळी वयनी धावत चुलीपाशी जायची आणि दुसराच कुणी पुढे निघून जायचा. तिनं नवऱ्याला म्हटलं, तुमची कुठली ते कळत नाय, चा फुकट उकळतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी डबा लटकवला. "पिंपळाकडं वाजला का मी चूल पेटवायची. तुमी ती ढकलत आणली, त्या दिवशीबी वाजला होता."

मला जळलेलं भांडं आठवलं. कमरेची सुरी काढून पट्टी कापली, गोणपाट उपसून फेकलं. दत्तूनं कुंपणाची तार तोडून डबा होता तसा लटकवला.

"परत जा," मी म्हटलं. "वळणापासून ये. खड्डे चुकवू नको."

"येस, मावशी."

तो गेला. वयनी परत ओट्यावर बसली नाही. खांब धरून उभी राहिली. पिंपळाकडून खण्ण झालं. मग आणखी एकदा. दत्तू एकही खड्डा सोडत नव्हता. वयनी ऐकत उभी राहिली, गाडी अंगणाच्या बांधापाशी येईपर्यंत. मग भिंत चाचपत आत चुलीपाशी गेली. मुलगी म्हणाली, आई, आता कशाला, गाडीची वेळ झाली. मी मुलीला गप्प राहायची खूण केली आणि वयनीच्या हातात काड्यापेटी दिली. तिनं स्वतः चूल पेटवली, पाणी चढवलं.

"तो नाय येत, ठावं हाय मला," ती म्हणाली. "पण जो आला त्याला चा लागंलच ना. दत्तूला बस म्हणावं."

आम्ही चहा प्यालो. त्या दिवशी पाणी वेळेवर उतरवलं.

वयनी भिवंडीला गेली आणि तिकडेच दोन हजार आठला वारली. फटफटी तिनं दत्तूला दिली. फरशी पुलाच्या जागी आता उंच पूल झाला आहे. सार्जंट गेले त्या दिवशी दर वर्षी आम्ही प्लाटूनचे उरलेले तिथे फॉल इन होतो, खाकी घालून, ज्यांच्या अंगात ती अजून बसते ते. एका वर्षी नवीन ऑफिसर आला होता. तरुण, कडक. त्याला दत्तूच्या गाडीमागचा डबा दिसला आणि ऐकूही आला. त्यानं ओळीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, हे काय आहे, बांधून का ठेवलं नाही?

मी एक पाऊल पुढे झाले.

"सर, त्याला माफी आहे. सार्जंट हरी विशे यांची ऑर्डर."

त्यानं ओळीकडे बघितलं. विशे कोण, कुठे आहेत, असं विचारलं. दत्तूनं नदीकडे बघितलं. ऑफिसरनं टोपी सारखी केली, नदीकडे तोंड केलं आणि आम्हा सगळ्यांना सॅल्यूटची ऑर्डर दिली.