काढा औषधात मोजत नाहीत
मुलुंडच्या आमच्या सोसायटीचे अध्यक्ष दर रविवारी गुळवेलीचा काढा बाटल्यांत भरून घरोघर पोचवतात. हिरवट, बुळबुळीत, तळाशी गाळ. वास ओल्या गोणपाटाचा. नाही म्हणणं म्हणजे प्रसाद नाकारणं. मी तो बेसिनमध्ये ओतायचो. माझा थोरला भाऊ सज्जन, तो रोज सकाळी पेलाभर प्यायचा.

मग सोसायटीने आरोग्य शिबिर भरवलं. दीपप्रज्वलन, शाल, नारळ, भाषणं. रक्त घेणारी मुलगी तासभर सुया मांडून बसलेली. रिपोर्ट आले ते अध्यक्षांनी पाकिटं फोडून, सगळ्यांसमोर, अभिप्रायासकट वाटले.

भावाचा कागद वर धरून ते म्हणाले, "यांचं एसजीपीटी बघा, चारशे! चाळीसच्या आत हवं! कुठे बसता हो संध्याकाळी? आम्हालाही बोलवा ना!"

लोक हसले. दारूचा थेंब न घेतलेला माझा भाऊही हसला. दुसऱ्या दिवशी मी त्याला डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरीणबाई शिबिरातल्या नव्हत्या, त्यामुळे समजेल असं बोलल्या. एसजीपीटी यकृताच्या पेशींत असतं. पेशी दुखावल्या की रक्तात सांडतं. गळती आहे एवढं त्यावरून कळतं, कशामुळे ते कळत नाही. यकृत काम कसं करतंय हे बिलिरुबिन, अल्ब्युमिन आणि रक्त गोठायला लागणारा वेळ सांगतात. ते आकडे अजून ठीक होते.

"औषधं काय घेता?"

"काहीच नाही," भाऊ म्हणाला.

"आणि तो काढा?" मी विचारलं.

"ते औषध कुठे रे? ते आपलं असंच."

"कशाचा काढा?" बाईंचं पेन थांबलं.

"गुळवेल."

"आजपासून बंद. काहींच्या यकृताला तो बाधतो. तुम्ही असाच चालू ठेवलात तर कावीळ होईल, आणि त्यापुढचं मला सांगायला लावू नका."

रविवारी अध्यक्ष दारात हजर. "लिव्हरसाठी मुद्दाम दुप्पट आटवलाय!"

भावाने दोन्ही हात पुढे केले. त्यांना वाईट वाटेल, हे तो सकाळपासून घोकत होता. मी मधेच बाटली घेतली आणि अध्यक्षांच्याच हातात परत ठेवली.

"तुम्ही प्या. आमच्याकडे यापुढे नको."

भाऊ चार दिवस माझ्याशी बोलला नाही. पण प्यायलाही नाही.

दोन महिन्यांनी आकडा जवळजवळ जागेवर आला. पुढच्या सभेत अध्यक्षांनी भावाचं जाहीर अभिनंदन केलं, दारू सोडल्याबद्दल. टाळ्या झाल्या. भावाने उठून नमस्कार केला.