पूजेतला बिल्ला

“हे लेकरू ठेवायचं न्हाई,” माझा मुलगा म्हणाला. आम्ही नांदेडला बायकांच्या डॉक्टरणीच्या दारात उभे होतो आणि सुनेला पाचवा महिना लागला होता. ती भिंतीकडे बघत राहिली.

हे सगळं एका बिल्ल्यामुळं. सून लातूरला एका खासगी दवाखान्यात एक्स-रे काढते. त्या खोलीत काम करणाऱ्यानं छातीवर काडेपेटीएवढा बिल्ला लावायचा असतो. अंगावर किती किरणं पडली ते त्यात साठतं आणि दर तीन महिन्यांनी तो तपासायला जातो. आजवर त्यात काही निघालं नव्हतं. या वेळी दसरा-दिवाळीच्या तिमाहीचा आकडा इतका मोठा आला, की दवाखान्यानं तिलाच जाब विचारला. त्याच तिमाहीत तिला दिवस गेले होते.

डॉक्टरणीनं सांगितलं, आकडा खरा असला तरी लेकराला इजा होईलच असं नाही, पण आधी तो खरा आहे का ते बघा. मुलाला तेवढा धीर नव्हता.

मी चौथी शिकलेली. किरणं मला दिसत नाहीत, माणसं दिसतात. मला वाटलं, ही आम्हाला न सांगता जादा पाळ्या करत असणार. मग वाटलं, मशीनच खराब असेल आणि दवाखाना ते हिच्या माथी मारत असेल. मुलावरही माझा विश्वास नव्हता. त्यांची पहिलीही मुलगीच. याला लेकराची भीती आहे की दुसऱ्या मुलीची, कोण जाणे.

चाकूरला परतताना एसटीत सून म्हणाली, “आत्या, खंडेनवमीला बिल्ला माझ्या अंगावर नव्हताच.”

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारं पुजतात. शेतकरी विळा-कुऱ्हाड मांडतो, ड्रायव्हर गाडीला हार घालतो. पुजलेली वस्तू दसऱ्याचं सोनं लुटेपर्यंत कुणी हलवत नाही. दवाखान्यात मशीन पुजलं. हिनं आपला बिल्लाही पूजेत ठेवला. छातीचा फोटो काढायला माणूस ज्या उभ्या पाटीला टेकतो, तिच्या कोपऱ्याला झेंडूच्या हारासंगं अडकवला आणि सणाला गावी आली. दसऱ्याला तुळजापूरहून येणारा टेम्पो उलटला आणि त्यातली सगळी माणसं त्याच दवाखान्यात आणली; त्यांचे छातीचे फोटो त्याच पाटीवर निघाले असणार, असं तिचं म्हणणं.

मला ते फार सोयीचं वाटलं. पोट वाचवायला बाई काहीही रचते. इतके दिवस का सुचलं नाही, असं मी विचारलं. ती म्हणाली, कामावर गेल्यावर हार काढला, बिल्ला लावला, त्यात ध्यानात ठेवण्यासारखं काय होतं?

दुसऱ्या दिवशी मी तिच्यासंगं लातूरला गेले. दसऱ्याला ड्यूटीवर असलेला माणूस म्हणाला, पाटीला काही नव्हतं. बोलताना तो टेबल पुसत होता, आणि टेबल आधीच साफ होतं. मग सुनेनं कॉम्प्युटरवर त्या दिवसाचे फोटो उघडले. बरगड्या निरनिराळ्या माणसांच्या, पण प्रत्येकाच्या खांद्यावर, त्याच कोपऱ्यात, एक पांढरा चौकोन आणि त्यात गोल ठिपके.

“एवढ्या लोकांनी एकाच जागी बिल्ला लावला होता का, भाऊ?” मी विचारलं.

तो खाली बघून म्हणाला, “पुजलेलं कसं काढावं, मावशी? अन् आता बोललो तर माझ्यावरच येतंय.”

“पाप लागंल म्हणून हात लावला न्हाईस. अन् खोटं बोलल्यावर?”

त्यानं लिहून दिलं. तरी किरणं खरंच अंगावर पडली का ते बघायला सुनेचं रक्त मुंबईला गेलं, आणि त्यात वावगं काही निघालं नाही. मुलानं लेकरू पाडायचा विषय सोडला. माझी शंका मात्र गेली नव्हती. कागद काय, माणसंच लिहितात. लेकरू जन्मलं तेव्हा मी आधी त्याची बोटं मोजली, डोळ्यांपुढं चमचा हलवला, कानाशी वाटी वाजवली.

मुलगी झाली. मुलाचं तोंड उतरलं, ते मी पाहिलं.

टेम्पोतली एक म्हातारी अपघातानंतर तिसऱ्या दिवशी वारली होती. तिच्या फोटोतही तो बिल्ला आहे. माझी सून जिवंत आहे आणि नात तिसरीत आहे.