चिमट्यांचा खटला

अत्यंत गंभीरपणे जाहीर करते, की हिर्डोशीत आमच्या घरी एकदा माझ्यावर खटला चालला. आरोप: चिमटे काढणे. न्यायाधीश सासूबाई, न्यायासन चुलीपुढचा पाट.

मी घरातली धाकटी सून. थोरल्या जावेचा मुलगा तीन वर्षांचा. तिरपे डोळे, बसकं नाक, सदा बाहेर डोकावणारी जीभ. कुणीही दिसलं की हात पसरून हसायचा, आणि माझी वेणी तर सोडायचाच नाही. सासूबाईंचा तो जीव की प्राण. अशा मुलांना डाऊन सिंड्रोम म्हणतात आणि रक्ताचा कॅन्सर त्यांना इतरांहून जास्त गाठतो, हे मला फार पुढे कळलं. तेव्हा आम्ही त्याला देवाचं पोर म्हणायचो, संपलं.

भातकापणीनंतर त्याच्या मांड्यांवर निळे डाग उठू लागले.

"धाकटे, पोर दिसभर तुझ्याकडं. येनी वढतंय म्हून चिमटं काढतीस व्हय गं?"

"न्हाई वो आत्याबाई!"

"मग काय भूत काढतंय?"

निकाल असा लागला: पोराला उचलण्याआधी घरातल्या प्रत्येक बाईने बोटांना तव्याची काजळी फासायची. जी चिमटा काढेल तिचा काळा ठसा उठेल. झालं! लुगडी काळी, गाल काळे, हंडे काळे. नाचणीच्या भाकरी मुळातच काळ्या, म्हणून तेवढी अब्रू वाचली. पोराने सासूबाईंनाच मिशा काढल्या. मी मनातल्या मनात टाळ्या पिटल्या.

मग एका सकाळी न्हाऊ घालायला सासूबाईंनी त्याचं अंगडं काढलं. पाठीवर नवा डाग, तळहाताएवढा. काजळीचा ठिपकासुद्धा नव्हता. त्यांनी न्हाऊ न घालताच अंगडं परत चढवलं.

पुढे तो हसेनासा झाला. तळवे पांढरेफटक पडले, पोट टणक लागू लागलं, पेज पिताना हिरड्यांतून रक्त येई. बैलगाडीने त्याला भोरला नेलं. डॉक्टरांनी बोटाचं रक्त काचेवर घेऊन तपासलं.

"बाई, याला कुणी मारलेलं नाही. हा रक्ताचा कॅन्सर. अशाच चेहऱ्याचं एक मूल मी पूर्वी पाहिलंय, त्यालाही हेच झालं होतं. औषध नाही यावर."

जाऊ पोराला पदरात गुंडाळू लागली. सासूबाईंनी माझं मनगट धरून मला डॉक्टरांपुढे ओढलं.

"न्हाई वो डागदर, हीच चिमटं काढती! सांग की गं धाकटे, म्याच काढलं म्हून सांग!"