भाऊजींचा महागडा फोन

वीज लागणाऱ्या प्रत्येक वस्तूच्या पोटात आपला पगार खाणारा एक इसम दबा धरून बसलेला असतो, अशी माझ्या भाऊजींची, म्हणजे थोरल्या ताईच्या नवऱ्याची, पक्की खात्री होती. जवाहरनगरच्या त्यांच्या क्वार्टरमध्ये दिवे, पंखे आणि एक मिक्सर सोडला तर अशा इसमाला थारा नव्हता. मिक्सरही लग्नात आलेला. तो फिरू लागला की भाऊजी उठून मीटरसमोर जाऊन उभे राहत. शेजाऱ्यांनी वॉशिंग मशीन घेतली तेव्हा हे आपली मळकी बनियन घेऊन गेले आणि मशीन थांबेपर्यंत तिच्यापुढे स्टूल टाकून बसले. परत येऊन म्हणाले, "निघाली साफ. पन घासली कोनं, ते काही दिसलं नाही."

हिवाळ्यात कपडे धुऊन ताईचे हात फुटत. एकदा तिने हट्टच धरला, म्हणून मी दोघांना भंडाऱ्याच्या एका दुकानात घेऊन गेलो. हप्त्यांवर अजिबात व्याज लागणार नाही, असे दुकानदार म्हणाला आणि तिथेच सगळे बिनसले. "व्याज घेत नाही, त मंग दुकान कायले चालवून राहिला बाप्पा तू?" असे विचारून भाऊजी बाहेर पडले ते थेट पोस्टात गेले आणि मशीनसाठी आणलेला पैसा लेकीच्या नावावर टाकून आले. त्यानंतर कितीतरी दिवस ताई त्यांच्याशी कामापुरतेच बोलली. "पोरीच्या शिक्षनालेच त होईल ना," एवढेच ते म्हणत. रविवारच्या चादरी मात्र तेव्हापासून ते स्वतः धुऊ लागले.

पोरगी शिकली. त्या पैशात भाऊजी दर महिन्याला भर घालत गेले; त्यावरच तिचे नर्सिंग झाले, जर्मन भाषा झाली आणि गेल्या वर्षी ती तिकडच्या एका दवाखान्यात नोकरीलाही लागली. कुणापुढे हात पसरावा लागला नाही. पण ती गेली आणि ताई भाजीत मीठ घालायला विसरू लागली. भाऊजींच्या बटणांच्या फोनवर नुसता आवाज यायचा, तोही तुटत तुटत. एका सकाळी त्यांनी मला बोलावून घेतले, दुकानात नेले आणि भाव न करता सर्वांत मोठ्या पडद्याचा फोन विकत घेतला. मला त्यांच्या तब्येतीचीच शंका आली.

घरी येऊन मी फोन लावून दिला. पडद्यावर भाची दिसली. ताई डोळे पुसत, हसत बोलत राहिली; भाऊजी चष्मा लावून पडदा न्याहाळत होते. "जेवली का?" एवढे एकच त्यांनी विचारले. ती हो म्हणाली. फोन बंद झाल्यावर त्यांनी मला अंगणात नेले आणि हळूच म्हणाले, "हा फोन मानसाले बारीक दाखवते का रे?"

भाची खरेच वाळली होती. मी म्हणालो, "हो भाऊजी. सारेच फोन दाखवते."

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग त्यांनी मान डोलावली. समोरच्याचे बोलणे पारखून न घेता मान्य करताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिले.