हमीदचाचांची फळी

हमीदचाचांनी ‘हो’ म्हटलं नव्हतं. ते मी त्यांच्या नावावर खपवलं. एवढं लिहायला मला चार वर्षं लागली. चाचांबद्दल काही सांगायचं तर सुरुवात इथूनच करायला हवी, कारण पेण-रोह्याकडे त्यांचं नाव निघालं की लोक जे सांगतात ते खोटं आहे, आणि ते माझ्या तोंडून निघालेलं आहे.

मी रोह्यातल्या एका कंपनीत शिफ्ट करतो आणि संध्याकाळी भाताच्या जुन्या गोदामात बॉक्सिंग शिकवतो. चाचा पेणचे. कुवेतमध्ये एका व्यायामशाळेत टॉवेल धुण्यापासून सुरुवात करून, तिथल्या इजिप्शियन फिजिओच्या हाताखाली अठरा वर्षं ते खेळाडूंच्या दुखापती सांभाळायला शिकले. परत आले तेव्हा बायको गेलेली होती आणि दोन्ही मुलगे आखातातच होते. घरामागच्या खोलीत त्यांनी एक बाकडं, एक बर्फाचा डबा आणि तांदळाने भरलेली बादली ठेवली, आणि आमचे बॉक्सर त्यांच्याकडे जायला लागले.

पहिल्या भेटीत त्यांनी माझा हात हातात घेतला तो सोडेचनात. मला वाटलं, माणूस फार प्रेमळ दिसतो. तेवढ्यात म्हणाले, “उजवा अंगठा कधीतरी मोडलाय नि तू दाखवला नायस. व्हय ना?” मोडला होता. दाखवला नव्हता.

ते स्वतःला डॉक्टर म्हणवत नसत. “हाड डॉक्टरचं. प्लास्टर निघालं की म्होरचं माझं,” असं म्हणत आणि एक्स-रे बघितल्याशिवाय बोटाला हात लावत नसत. नाकातून रक्त आलं की आमची मुलं मान मागे टाकत. चाचा ओरडत, “म्होरं वाक! रगत गिळायचं हाय का?” भुवई फुटली की स्वच्छ कापसाने दाबून धरत, घड्याळ बघत, आणि मध्येच उचलून बघणाऱ्याच्या हातावर चापट मारत. हात आखडलेल्याला तांदळाच्या बादलीत मनगटापर्यंत हात घालून मूठ मिटायला, उघडायला लावत. अंगठा आत घेऊन मूठ वळणारा कोणी दिसला की म्हणत, “ही मूठ हाय का मोदक? सगळं सारण आत!”

त्यांचा एकच कडक नियम होता. जखमी बॉक्सरचे ग्लोव्ह्ज त्यांच्या खोलीतल्या भिंतीवरच्या फळीवर राहायचे. डोक्याला मार बसलेल्याचे तर डॉक्टरांची चिठ्ठी आणि चाचांची खात्री, दोन्ही मिळेपर्यंत. चाचांनी ग्लोव्ह्ज हातात दिले की खेळायला परवानगी. दुसरा कागद नाही, सही नाही. आम्ही सगळे ते मानत होतो.

नम्रता धरमतरकडच्या मिठागरात राबणाऱ्या हिरामण यांची मुलगी. राज्य स्पर्धेत पदक मिळालं असतं तर पोलीस भरतीत खेळाडू म्हणून तिला जागा मिळण्याची आशा होती. सरावात तिच्या उजव्या हाताचं, करंगळीच्या रेषेतलं मुठीचं हाड मोडलं. प्लास्टर निघाल्यावर चाचांनी रोज तिच्यावर मेहनत घेतली. राज्य स्पर्धेची निवड चाचणी दहा दिवसांवर आली तेव्हा मी विचारलं, “चाचा, झालं ना आता?”

“मूठ बंद व्हते. ठोसा अजून झेपायचा नाय. तीन आठवडे दे.”

“तिचं वर्ष जाईल.”

“वर्ष परत येतं रे दिलीप. हाताचं सांगता येत नाय.”

चाचणीच्या आधीच्या शुक्रवारी दुपारी चाचा नमाजाला गेले होते. खोलीला ते कधी कुलूप लावत नसत. मी आत गेलो आणि फळीवरून नम्रताचे ग्लोव्ह्ज उचलले.

“चाचांनी स्वतः दिले?” नम्रताने विचारलं.

“स्वतः दिले.”

त्याच संध्याकाळी आम्ही चाचणीच्या गावी निघालो. स्पर्धेला जाताना मुलांचे फोन माझ्या पिशवीत असतात. शनिवारी आधी माझा फोन वाजला, मग पिशवीतला नम्रताचा. दोन्हींवर चाचांचं नाव होतं. मी दोन्ही बंद केले.

रविवारी दुसऱ्या फेरीत तिने उजवा मारला आणि हात पोटाशी धरून खाली बसली. ऑपरेशन झालं, हाडाला धातूची पट्टी बसवली. त्यानंतर ती कधी रिंगणात उतरली नाही. दवाखान्यात हिरामण यांनी विचारलं, खेळायला कोणी सोडलं? मी म्हणालो, “चाचांनी ग्लोव्ह्ज दिले होते.”

चाचा भेटायला आले तेव्हा हिरामण दारातच आडवे आले. “तुमचे भरवशावर पोर ठेवली व्हती, चाचा. काय केलंत तिचं?”

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. ते थांबले होते, एवढंच. मी औषधांची चिठ्ठी वाचत बसलो. थोड्या वेळाने ते म्हणाले, “पट्टी बसवलीय तर बोटं हलवायचं डॉक्टरला लवकर विचारा. आखडतील,” आणि जिना उतरले.

त्यानंतर त्यांच्याकडे कोणी गेलं नाही. पेणला जायची वेळ आली की मी त्यांची गल्ली टाळायचो. एकदा चुकून गेलो, तर खोलीचं दार उघडं होतं आणि चाचा बाकड्यावर बसून स्वतःच्याच हाताला बँडेज गुंडाळत होते. मनगटापासून बोटांपर्यंत नीट गुंडाळलं, सोडलं, पुन्हा सुरू केलं. मी पुढे गेलो.

गेल्या महिन्यात आमच्याकडच्या एका बॉक्सरचा अंगठा दुखावला. मी जुन्या सवयीने त्याच्या वडिलांना म्हणालो, पेणला हमीदचाचांकडे न्या. ते म्हणाले, “त्यांच्याकडे? त्यांनीच ना त्या पोरीचा हात घालवला?” हा माणूस नम्रताला ओळखत नव्हता, चाचांना नाही, मला तर नुकताच भेटला होता.

दुसऱ्या दिवशी मी गडब गावी गेलो. नम्रता तिथे हायवेवरच्या एका दुकानात काम करते. काउंटरपाशी उभा राहून मी सगळं सांगितलं, पिशवीतल्या फोनसकट. तिने हातातलं बिल खाली ठेवलं. मग म्हणाली, “सर, माझ्या आबांनी चाचांना काय काय ऐकवलं, तुमच्यासमोर. आणि तुम्ही बसून होतात?”

“हो.”

“मंग हे मला एकटीला सांगून काय उपेग नाय. आबांना घेऊन चला.”

रविवारी आम्ही तिघं पेणला गेलो. हिरामण यांना आम्ही वाटेत काही सांगितलं नव्हतं. चाचा फार वाळले आहेत. आम्हाला बघून उठायला लागले. “बसा, बसा. नम्रता, हात कसा हाय गो? चहा टाकतो.”

“चहा नको, चाचा. आधी ऐका.”

“जाऊ दे रे दिलीप. मला म्हाईत हाय.”

“तुम्हाला माहीत आहे. यांना तुमच्यासमोर कळू दे,” मी म्हणालो. मग हिरामण यांच्याकडे वळलो. “चाचांनी तीन आठवडे थांबायला सांगितलं होतं. ते घरात नसताना ग्लोव्ह्ज मी चोरले, नम्रताशी खोटं बोललो, तुमच्याशी खोटं बोललो. तिचा हात माझ्यामुळे गेला. चाचा, दवाखान्यात तुम्ही माझ्याकडे पाहिलंत तेव्हा खरं बोलायला एक वाक्य पुरलं असतं. ते मी बोललो नाही, आणि चार वर्षं तुम्हाला इथे एकटं बसवलं. मला माफ करा.”