आमची इंग्रजी पाटी आणि तांड्याच्या पोरी

श्रावणातली गोष्ट, साल असेल साठ-एकसष्ट... बोरी अरबजवळच्या आमच्या शेताला बाबांनी नवीकोरी तार ओढली आणि तारेवर चक्क इंग्रजी पाटी ठोकली. ‘ट्रेसपासर्स विल बी प्रॉसिक्यूटेड.’

तसली पाटी त्यांनी कुठल्याशा मालधक्क्यावर पाहिली होती आणि भारावून गेले होते. घरात ती वाचू शकणारी एकटी मी, आठवीतली! माझा भाव भलताच वधारला होता.

पण पाटी लागली आणि पंचाईत झाली. शेजारच्या बंजारा तांड्यावर तीज बसली होती. लग्न न झालेल्या मुली टोपलीत गहू पेरतात आणि नऊ दिवस, रोज तीन वेळा, गाणी म्हणत त्याला पाणी घालतात. गहू उंच आला की मुलीचं भलं होतं म्हणे. नाला गढूळ वाहत होता, चांगलं पाणी आमच्याच विहिरीला... आणि वाट आमच्या कपाशीतून.

बाबांनी मला पाटीजवळ उभं केलं. "वाच वं, अन् समजून सांग त्यायले." समोर घागरी घेतलेल्या दहा-बारा पोरी, त्यांच्यात माझी मैत्रीण सोनी, आणि सोबत तांड्याच्या नायकाची बायको.

मी डिक्शनरीत बघून ठेवलेलं घडाघडा म्हटलं... दुसऱ्याच्या जागेत न विचारता शिरणारा तो ट्रेसपासर, त्याच्यावर खटला भरतात. सोनीचा चेहरा खर्रकन उतरला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नायकीणबाईंनी शांतपणे विचारलं, "अन् इचारून आला तं?"

बाबा माझ्याकडे बघत होते, पण खोटं कसं सांगणार... "तर तो ट्रेसपासर नाही."

"मंग झालं!" त्या बाबांकडे वळल्या. "भाऊ, आमी येऊ का पान्याले?"

श्रावणात पाण्याला आलेल्या लेकीबाळींना नाही म्हणायची बाबांची काय छाती! "या," ते कसंबसं पुटपुटले.

मग रोज तीन वेळा हेच. पोरी तारेशी थांबून एका सुरात विचारायच्या, बाबा कपाशीतलं तण काढायचा डवरा सोडून शेताच्या कडेला धुऱ्यावर यायचे आणि "या" म्हणायचे. पहिले दोन दिवस नुसते धुसफुसत होते. चौथ्या दिवसापासून वेळ झाली की आपणच तांड्याच्या वाटेकडे बघायला लागले.

सातव्या दिवशी पोरी आल्याच नाहीत. बाबांचं कामात लक्ष लागेना. "काहून नाई आल्या वं पोरी? जा, पाहून ये."

मी धावत गेले. डवरणीच्या दिवसांत भाऊचं काम खोळंबतं म्हणून नायकीणबाईंनीच पोरींना अडवलं होतं. सोनी नाल्याचं पाणी फडक्यातून गाळत बसली होती... तिच्या टोपलीतले कोंब शेंड्यांना सुकायला लागले होते.

मी सगळं सांगितलं. बाबांनी बैल बंडीला जुंपले, घरात होत्या तेवढ्या घागरी विहिरीवर भरल्या आणि निघाले. तांड्याच्या तोंडाशी मात्र थबकले. इतकी वर्षं शेजार असून ते आत कधी गेलेच नव्हते.

"ये नं भाऊ, कायले उभा राह्यला?" नायकीणबाई हसत पुढे आल्या.

तीज खुडतात त्या दिवशी मुली ते कोंब भावांच्या, वडीलधाऱ्यांच्या पागोट्यात खोचतात. सोनी आमच्या घरी आली आणि तिनं बाबांच्या टोपीत हिरवेपिवळे कोंब खोचले. दिवसभर ती टोपी त्यांनी उतरवली नाही, बाजारातही तशीच मिरवली. कोणी विचारलं की सांगायचे, "लेकीनं देल्लं."

पाटी पुढे कितीतरी वर्षं होती. पण तिच्या शेजारची तार बाबांनी त्याच आठवड्यात कापली... डोक्यावर घागर घेतलेली पोर न थांबता आत जाईल, एवढी.

नायकीणबाई आता नाहीत. त्या दिवशी सगळ्यांसमोर मला खोटं पाडायचं किंवा बाबांशी भांडायचं सोडून त्यांनी फक्त एक साधा प्रश्न विचारला. त्यांचे आभार मानायचे राहूनच गेले... ते आज इथं मानते.